चेहरे आणि कथा : एका छायाचित्र-कादंबरीचा विचार

१

छायाचित्रांच्या पुस्तकाचे परीक्षण वाङ्मयीन नियतकालिकात यावे काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. छायाचित्र हे यंत्राचे अपत्य, त्यात शब्द नाहीत, आणि जेथे शब्द नाहीत तेथे वाङ्मय कसले, अशी आपली जुनी समजूत आहे. परंतु ज्या पुस्तकाचा येथे विचार करावयाचा आहे, ते आपल्या पायांनी वाङ्मयाच्या दारी चालत आलेले आहे. एड व्हान डर एल्स्केन या डच छायाचित्रकाराचे हे पुस्तक १९५६ साली डच, जर्मन व इंग्रजी अशा तीन भाषांत निघाले. डच आवृत्तीच्या नावाचा अर्थ 'साँ-झेर्में-दे-प्रे येथील एक प्रेमकथा' असा आहे. इंग्रजीत ते 'लव्ह ऑन द लेफ्ट बँक', म्हणजे सेन नदीच्या डाव्या तीरावरील प्रेम, या नावाने ओळखले जाते. त्यात नायक आहे, नायिका आहे, प्रथमपुरुषी निवेदन आहे, आणि गत गोष्टी आठवीत मागे जाणारे कथानकही आहे. कादंबरीला लागणारी सर्व सामग्री येथे आहे. फरक इतकाच की, यातील पात्रे हाडामांसाची, त्या काळी पॅरिसच्या रस्त्यांवर खरोखर वावरणारी तरुण माणसे आहेत, आणि त्यांच्यावर चढविलेली कथा मात्र रचलेली आहे.

यातून एक प्रश्न उभा राहतो. खऱ्या चेहऱ्यांवर कल्पित कथा चढविली असता सत्य कोणाच्या पदरात पडते, चेहऱ्यांच्या की कथेच्या? हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा असता तर तो तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होता आले असते. पण या पुस्तकातील माणसे सतरा-अठरा ते पंचवीस वर्षांची आहेत. ती शाळा, घर, नोकरी या सर्वांकडे पाठ फिरवून बसलेली आहेत. अशा तरुणांविषयी प्रौढ पिढी नेहमीच काही एक कथा रचीत असते, आणि मग त्यांच्या चेहऱ्यांत त्याच कथेचा पुरावा शोधीत असते. आपण शिक्षक तर हे काम रोजच करतो. म्हणून या पुस्तकाचा विचार आपल्या मंडळींनी करणे अप्रस्तुत होणार नाही.

२

प्रथम काळ आणि स्थळ ध्यानी घेतले पाहिजे. २५ ऑगस्ट १९४४ रोजी पॅरिस जर्मन सत्तेतून मुक्त झाले. सेनच्या डाव्या तीरावरील साँ-झेर्में-दे-प्रे हा भाग त्यानंतर जगभर गाजला तो तेथील कॅफेंत बसून लिहिणाऱ्या सार्त्र प्रभृती लेखकांमुळे. त्यांच्या भोवती जमलेल्या तरुणतरुणींचे तळघरातील जॅझ-नृत्य १९४७ पासून वृत्तपत्रांच्या चवीचा विषय झाले. 'अस्तित्ववादी' हा तत्त्वज्ञानातील शब्द काळा पोशाख करून रात्री नाचणाऱ्या कोणाही मुलीस लावण्यात येऊ लागला. प्रवासी ते दृश्य पाहावयास येऊ लागले, आणि जे उत्स्फूर्त होते त्याचा लवकरच तमाशा झाला.

व्हान डर एल्स्केनची माणसे या प्रसिद्ध वर्तुळातील नव्हेत, हे नीट समजून घेणे अवश्य आहे. ती त्यानंतरची, अधिक गरीब आणि अधिक निनावी अशी मंडळी. नामांकित कॅफेंतील पेय त्यांच्या खिशाला परवडणारे नव्हते. त्यांचा अड्डा 'शे म्वानो' या नावाच्या, र्‍यू द्यु फूरवरील एका स्वस्त मद्यगृहात असे. त्यांत फ्रेंच होते, उत्तर आफ्रिकेतून आलेले होते, स्वीडन, अमेरिका, मेक्सिको, ऑस्ट्रेलिया अशा दूरदूरच्या देशांतून आलेले होते. यांतील युरोपीय मुलांचे बालपण युद्धात गेले होते. जी माणसे १९५२ साली वीस वर्षांची होती ती जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या तेव्हा आठ वर्षांची होती. मोठ्या माणसांनी रात्रीतून निष्ठा बदलताना, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची चुगली करताना त्यांनी पाहिले होते. नंतर त्याच मोठ्या माणसांनी त्यांना शिस्त, काम आणि देशभक्ती यांचे पाठ देण्यास आरंभ केला. इंडोचायनातील फ्रान्सचे युद्ध १९५४ पर्यंत चालू होते, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अल्जीरियाचे युद्ध पेटले. या मुलांनी वडीलधाऱ्यांच्या जगावर विश्वास टाकला नाही याचे नवल वाटण्याऐवजी, ज्यांनी टाकला त्यांचेच नवल वाटावे, अशी ती परिस्थिती होती.

छायाचित्रकारही याच पिढीच्या उंबरठ्यावरचा. त्याचा जन्म १९२५ सालचा, ॲमस्टरडॅमचा. हॉलंडवर जर्मन अंमल आला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता आणि युद्ध संपले तेव्हा वीस वर्षांचा. १९५० साली तो पॅरिसला आला. 'मॅग्नम' या विख्यात छायाचित्रकार-संघाची चित्रे जेथे धुऊन छापली जात, त्या प्रयोगशाळेत त्याला काही काळ काम मिळाले. काँप्यातील काळोखात दिवसभर थोरांच्या चित्रांच्या प्रती काढाव्यात आणि रात्री आपला कॅमेरा घेऊन बाहेर पडावे, अशी त्याची उमेदवारी झाली. म्वानोमधील मंडळींकडे तो वार्ताहर म्हणून गेला नाही. तोही तितकाच परका, तितकाच कफल्लक होता, आणि त्यांच्याच टेबलावर बसत होता.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयातील छायाचित्र-विभागाचे प्रमुख एडवर्ड स्टायकेन यांच्या दृष्टीस ही चित्रे पडली, आणि त्यांचे पुस्तक करावे असा सल्ला त्यांनी दिला. त्याच स्टायकेन यांनी १९५५ साली भरविलेल्या 'फॅमिली ऑफ मॅन' या प्रचंड प्रदर्शनात व्हान डर एल्स्केनला स्थान मिळाले. हे प्रदर्शन पुढे जगभर फिरले आणि १९५६ साली मुंबईसही आले, हे आपल्याकडील काही जुन्या रसिकांना ठाऊक असेल. पण त्या प्रदर्शनाचे सूत्र 'सारी मानवजात एक कुटुंब' असे होते. आणि आपल्या पुस्तकातील माणसे तर कुटुंब सोडून आलेली!

३

आता प्रत्यक्ष पुस्तकाकडे वळू. ही कथा प्रथम १९५४ साली 'पिक्चर पोस्ट' या लंडनच्या सचित्र साप्ताहिकात क्रमशः आली. तेथे नायकाचे नाव रॉबेर्तो होते. पुस्तकात तो मान्युएल झाला. हा मेक्सिकन तरुण पॅरिसला येतो, ॲन नावाच्या एका विलक्षण मुलीच्या प्रेमात पडतो, तिच्या मागे मागे रात्रीच्या पॅरिसमध्ये भटकतो, आणि ती काही त्याची होत नाही. मान्युएल ही सर्व हकीकत मागाहून आठवून सांगतो. कथा एवढीच. फडके यांच्या 'प्रतिभासाधना'वर ज्यांची कथाविषयक अभिरुची पोसली गेली आहे त्यांना या कथानकात ना गुंतागुंत दिसेल ना उत्कर्षबिंदू. त्यांचे म्हणणे चुकीचे ठरणार नाही.

तरीही पुस्तक हातातून खाली ठेववत नाही, आणि याचे श्रेय चित्रांचे व त्यांच्या मांडणीचे आहे. युर्रियान स्ख्रोफर या कल्पक मांडणीकाराने पानांची रचना केली. त्या काळातील छायाचित्रांची पुस्तके म्हणजे बहुधा एका पानावर एक चित्र, भोवती पांढरी कोर, खाली दोन ओळींचे शीर्षक, अशी असत. येथे मात्र एखादे चित्र सारे पान व्यापून कडेपर्यंत जाते, तर पुढच्या पानावर चार लहान चित्रे एकामागून एक अशी येतात की, चित्रपटाची फीत हळूहळू उलगडत असल्याचा भास व्हावा. मर्ढेकर ज्याला लय म्हणत, संवेदनांच्या संवाद-विरोधातून सिद्ध होणारी ती रचना, या पुस्तकात कथेच्या वळणांत शोधू गेल्यास सापडणार नाही. ती काळ्या-पांढऱ्याच्या, दूर-जवळच्या, गर्दी आणि एकाकीपणाच्या आलटूनपालटून येण्यात आहे.

चित्रांचा स्वभावही पाहण्यासारखा आहे. बहुतेक चित्रे रात्रीची, जेवढा दिवा असेल तेवढ्याच उजेडावर घेतलेली. त्यामुळे काळा रंग दाट, कण जाड, आणि कडा कोठे कोठे अंधारात विरघळून गेलेल्या. कॅफेतील टेबलावर डोके टेकून झोपी गेलेली मुले, अरुंद जागेत घामाघूम होऊन नाचणारी जोडपी, रिकाम्या बाटल्यांच्या मागून दिसणारा एखादा ताठ चेहरा, ओल्या रस्त्यावरून एकटेच चाललेले कोणी. एका चित्रात तरुणाच्या अंगातील विजारीवर रंगाने मजकूर लिहिलेला दिसतो. कापड विकत घेण्यास पैसे नसतील, पण आहे त्याच कापडाची जाहीर पत्रिका करण्याची हौस मात्र आहे. आणि या सर्वांच्या मध्यभागी ॲन : काजळाने गडद केलेले मोठाले डोळे, कपाळावर तुटक केस, अंगावर काळे कपडे. डाग पडलेल्या आरशात स्वतःचेच प्रतिबिंब न्याहाळणारे तिचे चित्र तर या पुस्तकाची खूण होऊन बसले आहे. आरशाकडे पाहणारी ही मुलगी स्वतःवर मोहित झाली आहे असे प्रथमदर्शनी वाटते. चित्र पुन्हा पाहिले की वाटते, ती तेथे कोणाला तरी शोधीत आहे, आणि तो शोध संपलेला नाही.

या चित्रांत दया नाही, धिक्कारही नाही. ब्रासाईने १९३० नंतरच्या दशकात पॅरिसच्या रात्रीची जी चित्रे घेतली ती अप्रतिम आहेत, पण ती एका कुशल पाहुण्याने घेतलेली चित्रे आहेत. तेथील माणसे कॅमेऱ्यासमोर नीट बसलेली वाटतात. व्हान डर एल्स्केनच्या चित्रांतील माणसे कॅमेऱ्याला ओळखतात, त्याला वैतागतात, त्याला विसरून जातात. पुढे अमेरिकेत ब्रूस डेव्हिडसनने १९५९ साली ब्रुकलिनमधील तरुणांच्या एका टोळीची जी चित्रे घेतली, किंवा नॅन गोल्डिनने आपल्या मित्रमंडळींच्या चित्रांचे जे पुस्तक १९८६ साली काढले, त्या परंपरेचा आरंभ याच पुस्तकापासून धरावयास हरकत नाही. पाहणारा आणि पाहिला जाणारा एकाच पंगतीला बसले की चित्राचा सूर कसा बदलतो, हे येथे प्रथम इतक्या स्पष्टपणे दिसले.

४

मग दोष कोठे आहे? आमच्या मते तो कथेत आहे, आणि तो साधा दोष नव्हे.

पॅरिसमधील कफल्लक कलावंत आणि त्याची हाती न लागणारी प्रेयसी ही कथा त्या वेळी शंभर वर्षांची जुनी होती. आँरी म्युर्जेने बोहेमियन जीवनाची आपली चित्रणे १८५१ साली पुस्तकरूपाने आणली, आणि १८९६ साली पुच्चीनीने त्यांवरून संगीतिका रचली. गारठलेली माडी, उधारीचे जेवण, प्रेम, आजार आणि अश्रू, असा हा साचा तेव्हापासून युरोपच्या परिचयाचा झाला. प्रौढ समाजाला तो फार सोयीचाही आहे. तरुणांनी काही दिवस उनाडक्या कराव्या, त्यांचे प्रेम फसावे, आणि मग त्यांनी शहाणे होऊन घरी परतावे अथवा मरून जावे. दोन्ही प्रकारांनी समाजाची घडी अबाधित राहते. व्हान डर एल्स्केनच्या कॅमेऱ्याने जे चेहरे पाहिले ते सर्वस्वी नवे होते. पण त्याच्या लेखणीने त्यांच्यासाठी जी कथा निवडली ती हीच जुनी, सर्वांना पटणारी कथा होती.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सारी कथा मान्युएल सांगतो. ॲन दिसते सर्वत्र, पण तिचे मन आपल्याला तिच्या मुखातून कळत नाही. तिच्याकडे दोघे पाहतात, मान्युएल व कॅमेरा. आणि दोघांनाही ती गूढ वाटते. एखाद्याला बोलू न देता त्याला गूढ म्हणणे फार सोपे असते. या ठिकाणी आपल्याकडील 'कोसला'ची आठवण मराठी वाचकाला झाल्यावाचून राहणार नाही. १९६३ साली ती कादंबरी आली तेव्हा अनेकांना, विशेषतः शिक्षकवर्गाला, तिचा नायक आळशी, दिशाहीन, अभ्यासाला पाठमोरा वाटला. पण पांडुरंग सांगवीकर स्वतः बोलतो. आपल्याला त्याचा राग येवो वा कीव येवो, आपल्याविषयीचा निकाल त्याने दुसऱ्याच्या हाती दिलेला नाही. ॲनला ही संधी लाभली नाही. एका बाजूला देश, पॅरिस आणि खेडे यांत हजारो मैलांचे अंतर असले, तरी तरुणाला स्वतःचा आवाज देणारी कृती आणि तरुणाविषयी बोलणारी कृती यांतील हा भेद मूलभूत आहे.

येथे एक सुप्रसिद्ध उदाहरण बाजूला ठेवून पाहण्यासारखे आहे. १९५० साली, म्हणजे व्हान डर एल्स्केन पॅरिसला आला त्याच वर्षी, रोबेर दुआनोने नगरभवनासमोरील गर्दीत चुंबन घेणाऱ्या एका जोडप्याचे चित्र घेतले. कित्येक वर्षे जगाने ते अवचित टिपलेल्या प्रेमाचे चित्र म्हणून भिंतींवर लावले. १९९० नंतरच्या काही वर्षांत, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले तेव्हा, ते जोडपे अभिनय शिकणारे होते आणि छायाचित्रकाराने त्यांना सांगून तसे उभे केले होते, हे उघड झाले. तेथे चेहरे उसने होते आणि भावना खरी मानली गेली. येथे याच्या उलट : चेहरे खरे, त्यांवरील थकवा खरा, भूक खरी, भावनेची कथा मात्र बाहेरून आणलेली. रसिक पहिल्या प्रकारावर फसवणुकीचा आरोप करतात आणि दुसऱ्याला कलावंताचे स्वातंत्र्य म्हणतात. पण ज्या माणसाचा चेहरा वापरला गेला त्याच्या बाजूने विचार केला तर दुसरा प्रकार अधिक जोखमीचा आहे. दुआनोच्या जोडप्याने एक क्षणाचा अभिनय केला. ॲनच्या वाट्याला संपूर्ण आयुष्याचा एक कल्पित आराखडा आला, आणि तो तिच्या खऱ्या चेहऱ्यासह तीन भाषांत छापला गेला.

५

ही ॲन कोण होती? तिचे नाव व्हाली मायर्स. १९३० साली सिडनी येथे तिचा जन्म झाला. ती नर्तकी होती, आणि नृत्यासाठीच अठरा-एकोणीस वर्षांची असता ऑस्ट्रेलियातून पॅरिसला आली. युद्धाने खंगलेल्या त्या शहरात तिला रस्त्यावर राहावे लागले आणि काही वर्षे अफूचे व्यसनही जडले. हे सर्व चित्रांत दिसते किंवा निदान जाणवते. जे दिसत नाही ते असे की, याच वर्षांत ती चित्रे काढीत होती. लेखणी आणि शाई यांनी अतिशय बारीक रेघांत भरलेली, एकेका चित्राला दीर्घ काळ घेणारी ही तिची कला. १९५८ साली 'पॅरिस रिव्ह्यू' या त्रैमासिकाने तिची रेखाटने छापली. ती व्यसनातून बाहेर पडली, इटलीतील पोझितानोजवळच्या एका दरीत प्राणी पाळून चित्रे काढीत अनेक वर्षे राहिली, १९९३ साली मेलबर्नला परतली, तेथे तिने आपली चित्रशाळा थाटली, आणि २००३ साली तिचे निधन झाले. पुस्तकातील ॲनविषयी वाचकाला जी भीती वाटत राहते ती व्हाली मायर्सने आपल्या अर्धशतकाच्या कामाने खोटी ठरविली. व्हान डर एल्स्केनलाही हे कळले असावे. १९७२ साली त्याने तिच्यावर एक चित्रपट केला. या वेळी तिचे नाव तिचेच होते.

दुसरी हकीकत याहून बोधक आहे. ज्या म्वानोमध्ये ही चित्रे घेतली गेली तेथेच गी दबोर हा १९३१ साली जन्मलेला तरुण बसत असे. १९५२ साली त्याने व त्याच्या मित्रांनी 'लेत्रिस्ट इंटरनॅशनल' हे लहानसे मंडळ स्थापिले. १९५३ साली त्याने र्‍यू द सेनच्या एका भिंतीवर 'कधीही काम करू नका' अशा अर्थाची तीन शब्दांची घोषणा खडूने लिहिली. एखाद्या रिकामटेकड्याचा चावटपणा म्हणून कोणीही ती पुसून टाकली असती. पण पुढे १९५७ साली याच मंडळींच्या पुढाकाराने 'सिच्युएशनिस्ट इंटरनॅशनल' निघाले, १९६७ साली दबोरचा 'द सोसायटी ऑफ द स्पेक्टॅकल' हा ग्रंथ आला, आणि मे १९६८ मध्ये पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले तेव्हा ती घोषणा भिंतींवर पुन्हा दिसू लागली. त्या विचारांशी आपण सहमत असो वा नसो. आणि काम न करण्याचा उपदेश कोणा मुख्याध्यापकाला पटणे तर कठीणच आहे. पण ते विचार होते, याबद्दल दुमत होऊ शकत नाही. व्हान डर एल्स्केनच्या पुस्तकात त्या टेबलावरील बाटल्या आहेत, धूर आहे, आलिंगने आहेत. त्या टेबलावर चाललेला वाद नाही.

तो असूही शकत नव्हता. कॅमेरा ओठ हलताना दाखवील, ते काय बोलत आहेत हे सांगणार नाही. या मर्यादेची भरपाई शब्दांनी करावयाची असते, आणि या पुस्तकातील शब्दांनी ती संधी एका ठरीव प्रेमकथेवर खर्च केली. झाँ-मिशेल माँस्याँ हा म्वानोच्या मंडळींपैकीच एक; रंगाने लिहिलेली विजार त्याच टोळक्यातली. त्याने १९९८ साली मुलाखतींच्या रूपाने आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्या पुस्तकात सुधारगृहे आहेत, पोलीस आहेत, बेसुमार मद्यपान आहे. त्याबरोबरच वाचन आहे, वर्ज्य गोष्टींवरचे वाद आहेत, मंडळात घेणे आणि मंडळातून काढून टाकणे आहे. गंमत अशी की, त्या पुस्तकात चित्रे घातली आहेत ती बव्हंशी व्हान डर एल्स्केनचीच. तीच चित्रे, पण सोबतचे शब्द बदलताच त्यांतील माणसे बदलली. मान्युएलच्या सोबतीने जी भग्नहृदयी भासत होती ती माँस्याँच्या सोबतीने हट्टी, थट्टेखोर आणि बंडखोर दिसू लागतात.

स्वतः दबोरची गोष्ट तर यावर कळस आहे. प्रत्यक्ष जगण्याची जागा प्रतिमांनी बळकावली आहे, ही त्याची समाजावरील मुख्य तक्रार. पण १९७८ सालच्या आपल्या चित्रपटात गेलेल्या तारुण्याचे स्मरण करताना त्यालाही याच छायाचित्रांचा आधार घ्यावा लागला. त्यातील कथा त्याने टाकून दिली. चेहरे मात्र ठेवले. या पुस्तकाची इतकी नेमकी समीक्षा दुसऱ्या कोणी केली असेल असे वाटत नाही.

६

या पुस्तकावर आणखी दोन आक्षेप घेतले जातात, त्यांचा परामर्श घेणे योग्य होईल. पहिला आक्षेप असा की, दारिद्र्य, व्यसन आणि उपासमार यांना या चित्रांनी सुंदर करून दाखविले, आणि असे सौंदर्य तरुण वाचकांना भुरळ घालते. हा आक्षेप उडवून लावता येत नाही. हे पुस्तक गाजल्यानंतर काजळलेले डोळे आणि काळे कपडे यांचे अनुकरण पुष्कळ झाले, आणि अनुकरण करणाऱ्यांना म्वानोतील थंडी सोसावी लागली नाही. व्हाली मायर्स वाचली, याचा अर्थ सारेच वाचले असा मुळीच नव्हे. तथापि चित्रे लक्षपूर्वक पाहणाऱ्याला त्यांत भुरळीइतकाच शीणही दिसतो. झोपलेल्या मुलांच्या चित्रांत विलास नाही. ज्याला रात्री पाठ टेकण्यास जागा नाही तो दिवसा बसल्या जागी झोपतो, एवढेच त्यात आहे.

दुसरा आक्षेप खाजगीपणाचा. मित्राच्या दुःखाचे चित्र घ्यावे काय, आणि घेतले तरी छापावे काय? या प्रश्नाचे उत्तर व्हान डर एल्स्केनने शब्दांनी दिले नाही, आपल्या आचरणाने दिले. जन्मभर तो आपले स्वतःचे जीवनही चित्रविषय करीत राहिला. असाध्य कर्करोग झाल्यावर त्याने स्वतःच्या आजाराचा चित्रपट केला, आणि १९९० साली तो वारला. जो नियम इतरांना लावला तो त्याने स्वतःलाही लावला. याने आक्षेप संपूर्ण मिटतो असे नाही, पण त्याची धार कमी होते.

आता मूल्यमापन. कादंबरी म्हणून 'लव्ह ऑन द लेफ्ट बँक' ही सामान्य कृती आहे. तिचे कथानक उसने आहे, निवेदन एकांगी आहे, आणि नायिकेवर तिने अन्याय केला आहे. छायाचित्रांचा ग्रंथ म्हणून मात्र त्याची योग्यता फार वरची आहे, आणि ती काळाबरोबर वाढत गेली आहे. २०१७ साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात व नंतर पॅरिसमध्ये त्याच्या कार्याचे मोठे प्रदर्शन झाले, यावरून त्याची साक्ष पटते. कल्पित कथा जुनी झाली आणि गळून पडली. चेहरे राहिले, आणि प्रत्येक नव्या साक्षीबरोबर ते नवा अर्थ देत आहेत. कलावंताचे हात त्याच्या हेतूहून अधिक प्रामाणिक असू शकतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आपल्या वर्गातून असे कितीतरी चेहरे दरसाल जातात. शेवटच्या बाकावर डोके टेकून झोपलेला मुलगा, विचित्र केस राखणारा, वहीच्या मागच्या पानावर काहीतरी खरडणारा. प्रगतिपुस्तकातील शेऱ्याच्या रकान्यात आपण त्यांच्याविषयी एका ओळीची कथा लिहितो, आणि ती बहुधा आपल्याला आधीपासून पाठ असलेली असते. व्हान डर एल्स्केनने निदान त्या मुलांच्या शेजारी बसून, वर्षानुवर्षे रात्री जागून त्यांच्याकडे पाहिले. तरीही शब्द लिहावयाची वेळ आली तेव्हा तो जुन्याच कथेकडे वळला. मग जे आपण मुलांकडे फळ्याजवळून पाहतो, त्यांनी शेरा लिहिण्यापूर्वी किती थांबावे, आणि त्या मुलालाच काही विचारावे की नाही, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने आपल्यापुरता करावा. अध्यापक विद्यालयाच्या ग्रंथालयात हे पुस्तक ठेवण्यास कोणी हरकत घेईल. आमच्या मते ते तेथे असावे, आणि त्याच्या शेजारी माँस्याँच्या आठवणी व व्हाली मायर्सची रेखाटनेही असावीत.